बटण कोण धरतं?

"ते राहू दे. सकाळी बटण कोण धरतं?"

गिऱ्हाईक गाडीचं नाव, मॉडेल, इंजिनाचा नंबर सांगायला तोंड उघडायचं आणि अक्का चष्मा कपाळावर सरकवून, दोन्ही तळहात काउंटरवर पालथे ठेवून हा प्रश्न टाकायची. नवखा माणूस आधी तिच्याकडे बघायचा, मग मागे वळून दारावरच्या पाटीकडे. आपण स्पेअर पार्टच्याच दुकानात शिरलो ना, याची त्याला खात्री करून घ्यायची असे. यशवंतपूरच्या शेडांमागच्या गल्लीत तुमचं कधी जाणं झालं असेल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. बुटकी, गोल चेहऱ्याची, अंबाड्यावर अबोलीचा गजरा आणि बोटांना कायम ग्रीस. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. वीस वर्षांच्या क्लीनरपासून पंचाहत्तरीच्या माझ्या अप्पांपर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत.

ज्यांचा जुन्या डिझेल गाडीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. डिझेल इंजिनाला पेटायला आत ऊब लागते. थंडीत ती नसते. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यात पेन्सिलीएवढा एक धातूचा प्लग बसवलेला असतो. त्याला करंट दिला की त्याचं टोक लाल होतं, आतली हवा तापते, आणि मग चावी फिरवली की इंजिन पकडतं. पुस्तकात त्याला ग्लो प्लग म्हणतात, गल्लीत सगळे हीटर प्लग म्हणतात. नव्या गाड्यांत हे काम आपोआप होतं. आमच्या तीस वर्षं जुन्या गाडीत डॅशबोर्डवर एक काळं बटण आहे. ते जितका वेळ दाबून धराल तितका वेळ प्लग तापतो. म्हणजे सगळा कारभार माणसाच्या बोटावर.

बेंगळुरूत कसली आलीय थंडी, असं पुण्या-मुंबईहून आलेले लोक म्हणतात. त्यांनी डिसेंबरात सकाळी सहाला येलहंक्याच्या बाहेर आमच्या नर्सरीत येऊन आमच्या गाडीला विचारावं.

ही नर्सरी अप्पांनी सुरू केली. गाडीही त्यांनीच घेतली. आठच्या आत शहर ओलांडलं नाही तर कुंड्या आणि रोपं घेऊन दुपारपर्यंत गर्दीत अडकायचं, म्हणून ती सकाळी साडेसहाच्या आत निघावीच लागते. नर्सरीचा व्यवहार माझ्या हातात आला तरी गाडीची चावी अप्पांनी सोडली नव्हती. ते रोज पहाटे उठून, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून गाडीत बसत आणि जे. पी. नगरपर्यंत रोपं पोचवून येत. आणि त्या वर्षी गाडीने आमच्या नाकी नऊ आणले. दर महिन्या-दीड महिन्याला हीटर प्लग जळायचे. गाडी घुं घुं करून गप्प बसायची. दारात जास्वंदीची शंभर रोपं लादून उभी, तिकडे जे. पी. नगरातल्या सोसायटीची बाई फोनवर फोन करतेय, आणि अप्पा बॉनेट उघडून आत असं बघताहेत, जणू समजूत घातली की गाडी ऐकेल.

मी स्वभावाने उतावळी आहे. हे मी कबूल करते, कारण पुढे ते अक्काने सप्रमाण सिद्ध केलं. मी इंटरनेटवर बसून सगळ्यांत महागडे, पाच सेकंदांत तापणारे प्लग मागवले. ते तीन आठवड्यांत जळाले. दुसऱ्या कुठल्याशा बनावटीचे मागवले. ते पाच आठवडे टिकले. आमच्या फिटरने ते काढले तेव्हा एकाचं टोक फुगून मक्याच्या दाण्यासारखं झालं होतं. काढताना हा आत तुटला असता तर इंजिनाचं हेड उतरवावं लागलं असतं, असं तो म्हणाला आणि त्याने हात टेकले.

त्या रात्री जेवताना मी अप्पांना सांगून टाकलं की गाडी विकायची. गिऱ्हाईक तयार आहे, नवी छोटी गाडी घेऊ.  अप्पांनी ताक प्यायलं, ताट उचललं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या नर्सरीला दोनदा पाणी घातलं. अप्पांना फार दुःख झालं की झाडांना पाणी जास्त होतं, हे आम्हा घरच्यांना माहीत आहे. संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "संक्रांतीपर्यंत थांब. तोवर रोज एका दमात सुरू झाली तर ठेवायची. एक दिवस जरी चुकली तरी तू म्हणशील त्याला चावी देतो." मला त्यांची दया आली आणि स्वतःचा रागही आला. मी हो म्हटलं. फिटर म्हणाला, मग यशवंतपूरच्या अक्काकडे जा, आणखी कुठे जाऊ नका.

मी गेले तेव्हा दुकानात तीन ड्रायव्हर बाकावर बसले होते. मी कन्नडमध्ये सांगायला सुरुवात केली की मला सगळ्यांत जास्त टिकणारे प्लग हवेत, पैशांचं बघू नका. अक्काने चष्मा वर केला आणि बटण कोण धरतं ते विचारलं. कोणी का धरेना, मी म्हटलं, प्लग चांगला असला की झालं. बाकावरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले.

अक्काने काउंटरखालून एक फळी काढली. फळीवर भंगारातल्या गाडीचं हीटरचं बटण आणि चावीची खोबण बसवलेली होती. फळीच्या मागच्या बाजूला, फक्त तिला दिसेल असा, एक बारका दिवा होता. तिने मला खूण केली, सकाळी गाडी काढतेस तशी काढ. मी बटण दाबलं, चावी फिरवली, झालं. अक्का डाव्या हाताच्या अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होती, सेकंदाला एक. चौथ्या पेरावरच अंगठा थांबला. तिने मान हलवली आणि मागच्या खणांकडे वळली.

त्या भिंतीला पन्नासेक लाकडी खण होते. एकेका खणावर कागद चिकटवलेला आणि त्यावर बाळबोध देवनागरीत लिहिलेलं. कंपनीचं नाव नाही, पार्टचा नंबर नाही. एकावर लिहिलं होतं 'एक बिडी'. शेजारी 'दोन जांभया'. खाली 'देवाचं नाव घेतो'. त्याखाली 'फोनवर बोलत', आणि कोपऱ्यात 'बायकोशी भांडून येतो'. मी वाचत गेले आणि मला हसू आवरेना. अक्का गर्रकन वळली.

"वाचता येतं होय गं तुला?" ती मराठीत म्हणाली.

तोवर आम्ही दोघी कन्नडच बोलत होतो. मराठी ही आमची चार भिंतींआतली भाषा, बाजारात ती कोण काढतं? त्या गल्लीत तिची अक्षरं वाचणारं कोणी नाही, या भरवशावर तिने एवढी वर्षं गिऱ्हाइकांच्या खोडी उघड्यावर लिहून ठेवल्या होत्या. गुपित फुटलेलं बघून ती लाजली, मग स्वतःच पोट धरून हसली. बाकावरच्या ड्रायव्हरांना काय झालं ते कळेना. त्यांतल्या एकाच्या प्लगचा खण 'बायकोशी भांडून येतो' हा होता, हे मला तिने नंतर सांगितलं.

मला तिने बसवून घेतलं, समोरून चहा मागवला आणि घराणं विचारलं. तिचे वडील चिकपेटेत शिंपी होते. तीन पिढ्या शिलाई मशीन. लग्न होऊन ती स्पेअर पार्टच्या घरात आली तेव्हा तिला नटही ओळखता येत नव्हता. नवऱ्याच्या मागे दुकान अंगावर आलं तेव्हा तिने तेच केलं जे तिला माहेरी येत होतं. तिने गिऱ्हाइकाचं माप घ्यायला सुरुवात केली.

"गाडीचं माप कंपनीने घेतलेलंच असतं की," ती म्हणायची. "उंची, आटे, व्होल्ट, सगळं पुस्तकात. माणसाचं कोण घेतं? एक बटण धरून बिडी पेटवतो, एक धरलं न धरलं की सोडतो. दोघांना एकच प्लग दिला तर एकाचा जळतो, एकाचा तापतच नाही. मग दोघं मिळून मला शिव्या घालतात."

तिने मला सोप्या शब्दांत समजावलं. झटपट तापणारे प्लग वाईट नसतात. पण ते नव्या गाड्यांसाठी असतात, ज्यांत करंट वेळेवर आपोआप बंद होतो. आमच्या गाडीत बंद करणारं फक्त माणसाचं बोट. पाच सेकंदांचा प्लग कोणी वीस-पंचवीस सेकंद तापवत ठेवला तर तो फुगणार आणि जळणारच. जुने, सावकाश तापणारे, जाड वेष्टणाचे प्लग तेवढा वेळ सोसतात. मी विचारलं, मग तेच द्या ना. तिने फळीकडे बोट दाखवलं. मी चार पेरांत बटण सोडलेलं तिने पाहिलं होतं. गाडी मी काढत असले तर ते प्लग कोमटही होणार नाहीत, असं तिचं म्हणणं.

गाडी अप्पा काढतात, मी सांगितलं.

"मग तुला काय विचारत बसले मी?" अक्का म्हणाली. "सरी, ठीक आहे. उद्या त्यांना घेऊन ये. प्लग मिळणार नाही आज."

मी चिडले. एवढं ऊन, एवढी गर्दी ओलांडून आले आणि ही बाई माल असून देत नाही. घरी येईपर्यंत मी तिला मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी अप्पांना घेऊन गेले.

अप्पा दुकानात इस्त्रीचा सदरा घालून आले होते, मुलगी बघायला जावं तसे. अक्काने त्यांना खुर्ची दिली, फळी पुढे ठेवली आणि म्हणाली, "अण्णा, स्वल्प थांबा, आधी पाणी प्या. मग रोज काढता तशी गाडी काढून दाखवा. मी इथे नाही असं समजा."

अप्पांनी पाणी प्यायलं. पाठ ताठ केली. बटणावर अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. त्यांचे ओठ हलायला लागले. सकाळी उठल्यावर आपले तळहात बघून म्हणतात तो श्लोक तुम्हालाही येत असेल. तो अप्पांनी म्हटला. मग पुन्हा म्हटला. मग तिसऱ्यांदा. नमस्कार केला, फक्त एका हाताने, कारण दुसऱ्याचा अंगठा बटणावर होता. आणि मग चावी फिरवली.

मी लहानपणापासून त्या माणसाच्या घरात राहिले आहे. रोज सकाळी ती गाडी सुरू होताना ऐकली आहे. पण गाडीत बसून ते काय करतात हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, बसतात आणि काढतात.

अक्काचा अंगठा बोटांवरून दोन फेऱ्या करून पुढे गेला आणि सव्विसाव्या पेरावर थांबला. तिने अप्पांना विचारलं की हे कोणी शिकवलं. अप्पा जरा ओशाळले. गाडी घेतली तेव्हा ज्या जुन्या ड्रायव्हरकडे ते शिकले त्याने सांगितलं होतं, सावकाश पंचवीसपर्यंत मोज, मग चावी फिरव. डॅशबोर्डवर आधी एक दिवा होता, प्लग तापले की दिसायचं, पण तो कधीच गेला. पहाटे झोपेत आकडे चुकायचे. श्लोक चुकत नाही. तीनदा म्हटला की बरोबर पंचवीस होतात, हे अप्पांनी घड्याळ लावून बघितलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. जुने प्लग होते तोवर हे अगदी बरोबर होतं. कंपनीचे ते प्लग बाजारातून गेले, मी नवे झटपटवाले आणत गेले आणि अप्पा पाच सेकंदांच्या प्लगला रोज तीन श्लोक ऐकवत राहिले.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी म्हणणार होते. मी म्हणालेही की अप्पा, मग श्लोक एकदाच म्हणायचा, प्रश्न मिटला. अप्पांनी मान खाली घातली. बाकावरच्या ड्रायव्हरांपुढे मुलीने झापलेला तो म्हातारा माणूस बघून मला माझीच लाज वाटली. पण मी बोलून बसले होते.

अक्का माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती स्टुलावर चढली, अगदी वरच्या खणातून एक धुळकट खोका काढला आणि खाली उतरली.

"श्लोकाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "माणूस पंचाहत्तरीत बदलत नाही, आणि बदलू पण नये. प्लग बदलता येतो. यांच्या श्लोकाएवढा प्लग आहे माझ्याकडे."

खोक्यात जुने, सावकाश तापणारे प्लग होते. तिने ते एकेक करून टेबलावरच्या चिमट्यात पकडले, जुन्या बॅटरीची तार लावली आणि आम्ही सगळे वाकून बघत बसलो. लाली टोकाकडून यायला हवी, मधून नाही, ती सांगत होती. सहापैकी एकाची लाली मधून सुरू झाली, तो तिने बाजूला टाकला. एक माझ्या हातून घसरून फरशीवर पडला. तोही तिने बाजूला ठेवला. पडलेला प्लग ती विकत नसे. तसले प्लग तिने भिंतीला ठोकून त्यांवर किल्ल्या अडकवल्या होत्या. चार उरले, आमच्या इंजिनाला हवे तेवढेच. चारही एकदम बदलायचे, जुन्यांत नवा मिसळायचा नाही, आधी भोकातली काजळी साफ करायची, प्लग बोटांनी फिरवत न्यायचा आणि पान्याने शेवटी एवढासाच आवळायचा, असं तिने मला तीनदा म्हणून दाखवलं. मी तीनदा ऐकलं, कारण तिने मला तसं बजावलं होतं.

निघताना तिने खोक्यावर नवा कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, 'श्लोक तीनदा'. अप्पांना ते फार आवडलं. घरी परतताना त्यांनी मला शेंगदाण्यांची पुडी घेऊन दिली. मी बेचाळीस वर्षांची होते.

मग सुरू झाली संक्रांतीपर्यंतची मोजणी. अक्काला मी ही पैज सांगून बसले होते, आणि ती तिने स्वतःवर घेतली. रोज सकाळी सव्वासहाला माझा फोन वाजायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. एकच शब्द.

"पेटली?"

मी म्हणायची, पेटली. ती म्हणायची, सरी. आणि फोन बंद. महिनाभर आमच्यात दुसरं काही बोलणं झालं नाही. तरी मला त्या फोनची इतकी सवय झाली की सहा वाजून चौदा मिनिटांनी मी कपबशी खाली ठेवून वाट बघायला लागले. अप्पाही गाडी बाहेर काढून फाटकाशी थांबायचे. फोन झाल्यावर मी मान हलवली की निघायचे.

गाडी रोज एका दमात सुरू होत होती. गाडी घ्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक अधूनमधून फोन करायचं, आणि मी त्याला पुढच्या आठवड्याचं सांगायची. खरं सांगायचं तर तोवर मला गाडी विकायची इच्छा उरली नव्हती. पण शब्द दिला होता, आणि अप्पा शब्दाचे पक्के. एक दिवस चुकली तर ते स्वतःच चावी आणून देतील हे मला माहीत होतं. मला तीच भीती होती.

संक्रांतीला चार दिवस होते. धुकं एवढं की आमच्या डोक्यावरून रोज जाणारी विमानंही त्या सकाळी आली नाहीत. मी स्वयंपाकघरात होते. गाडीचं दार लागलं, शांतता झाली. मी मनात श्लोक म्हणत होते, कारण आता मलाही त्याची सवय झाली होती. दुसरा श्लोक अर्धा होतो न होतो तोच बाहेरून एक जोरदार शिंक ऐकू आली, लागोपाठ दुसरी, आणि मग स्टार्टरचा आवाज. घुं, घुं, घुं. आणि काही नाही.

अप्पांना दोन दिवस सर्दी होती. शिंकेबरोबर बोट सुटलं आणि गोंधळून त्यांनी चावी फिरवली.

खिडकीतून मला ते दिसत होते. त्यांनी मान वर करून स्वयंपाकघराकडे बघितलं. मी सिंकचा नळ पूर्ण सोडला आणि पातेली खडखडवायला लागले. पाणी नुसतं वाहत होतं, पातेली धुतलेलीच होती. बऱ्याच वेळाने बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी नळ बंद केला, हात पुसले आणि बाहेर आले. अप्पा म्हणाले, "ऐकलंस?" मी म्हटलं, "नळ चालू होता, अप्पा. सुरू झाली ना? मग झालं."

सव्वासहाला फोन वाजला.

"पेटली?"

"पेटली."

"एका दमात?" हे तिने आधी कधी विचारलं नव्हतं. कदाचित माझ्या आवाजात काही असेल.

मी हो म्हटलं. पलीकडे दोन-तीन पेरं जातील एवढा वेळ काही आवाज आला नाही. मग तिने सरी म्हणून फोन ठेवला.

संक्रांतीला आम्ही दोघं तिच्या दुकानात एळ्ळू-बेल्ला, म्हणजे इकडचा तीळ-गूळ, घेऊन गेलो, गाडी घेऊनच. तिने बाहेर येऊन बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, मग आम्हा दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला. अप्पा चहा पीत ड्रायव्हरांशी बोलत बसले होते तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या दिवशी पेटली नव्हती ना गं?" मी हातावरचा तिळगूळ तोंडात टाकला. ती हसली आणि माझ्या गालाला ग्रीसची बोटं लावून गेली. मी ते घरी जाईपर्यंत पुसलं नाही.

त्यानंतर पाच वर्षं आमचं येणंजाणं राहिलं. तिच्या घरी कडबू खायला, आमच्या नर्सरीत तिच्या गच्चीसाठी कढीपत्ता न्यायला. आमच्या गाडीचे ते चार प्लग अजून एकदाही बदलावे लागले नाहीत. कोणी आमच्या गाडीचं कौतुक केलं की अक्का म्हणायची, गाडीचं नाही, अण्णांचं करा. मला मात्र तिने कधी चांगलं म्हटलं नाही. माझ्या हातात फळी देऊन मधूनमधून परीक्षा घ्यायची आणि सांगायची, सहा पेरं. पुढच्या खेपेला, सात पेरं. सुधारणा आहे.

गेल्या वर्षी श्रावणात ती गेली. चार दिवसांच्या आजारात, फारसं कोणाला न कळवता. दुकान आता तिची सून बघते. हुशार मुलगी आहे, तिच्याकडे संगणक आहे, ती आधी पार्टचा नंबर विचारते, आणि तिचंही बरोबर आहे, कारण आता बटणाच्या गाड्या फार उरल्या नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा तिने आतून एक खोका आणून दिला. सासूबाईंनी हा तुमच्यासाठी ठेवला होता, म्हणाली, यावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, माझं माहेर कन्नड.

आत आणखी चार प्लग होते, तसेच जुने, जाड वेष्टणाचे. ते तिने कुठून मिळवले कोण जाणे. झाकणावर कागद होता. 'श्लोक तीनदा.' आणि त्याखाली, जरा थरथरत्या अक्षरात, 'मुलगी घाईची. शिकेल.'

मी दुकानाच्या पायरीवर बसून रडले. तिची सून घाबरली आणि पाणी घेऊन आली.

घरी येऊन मी अप्पांना तो कागद वाचून दाखवला. झाडांना पाणी घालायला उठतील असं मला वाटलं, पण उठले नाहीत. मग म्हणाले, रोज सकाळी तिची आठवण काढायला हवी. श्लोकाच्या शेवटी तिचं नाव घ्यावं म्हणतो. मी म्हटलं, अप्पा, तीन-चार सेकंद वाढतील. त्यांनी विचार केला. तिच्याच प्लगवर तिचं नाव घेऊन प्लग जाळला तर ती वरून काय म्हणेल, हे त्यांना पटलं. ठरलं की बटण सोडून, गाडी सुरू झाल्यावर तिचं नाव घ्यायचं.

यंदा थंडी लवकर आली. अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणून गाडी मी काढते. ते शाल गुंडाळून गाडीच्या दाराशी उभे राहतात. मी बटण धरते आणि मोठ्याने श्लोक म्हणते. पहिला नीट होतो. दुसऱ्यात मी घाई करते, तेव्हा ते काचेवर टिचकी मारतात आणि मी पुन्हा सावकाश म्हणते. तिसरा संपला की एका हाताने नमस्कार करते आणि चावी फिरवते. इंजिन पकडतं, सगळी गाडी थरथरते, मागच्या कुंड्या किणकिणतात. अप्पा बॉनेटवर हात ठेवतात, सव्वासहाच्या त्या फोनला द्यायचं उत्तर थोडं वाकून बॉनेटलाच देतात. "पेटली, अक्का."

मग ते शेजारी येऊन बसतात, मी गिअर टाकते आणि आम्ही निघतो.